गुजरीत घडवलेलं ‘आमिना’

निकाल आधीच सांगते, म्हणजे ज्यांना दुकान चांगलं की वाईट एवढंच हवंय त्यांचा वेळ वाचेल. अरबी अक्षरांत नाव कापून चांदीचं लॉकेट करून हवं असेल, तर कोल्हापुरात गुजरीच्या आतल्या बोळातलं हे दुकान : पाचपैकी चार तारे. कापलेला एक तारा साखळीसाठी आणि सोबत दिलेल्या कार्डासाठी. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण मालकांनीच अट घातली. “ताई, लिहायचं तर खुशाल लिहा, पण आमचं नाव नको. आहे त्या ऑर्डरी उरकेनात.” खूण तेवढी देते. महाद्वार रोडकडून गुजरीत शिरलात की साज आणि ठुशी मांडलेली काचेची मोठी दुकानं सोडून द्यायची आणि जिथं गिऱ्हाइकाला बसायला एकच स्टूल आहे तिथं थांबायचं.

मी लक्ष्मीपुरीतल्या एका छापखान्यात डीटीपी करते. लग्नपत्रिका, वास्तुशांती, निकाहची दावत, वाढदिवसाचे डिजिटल फलक, सगळं. मराठी आणि उर्दू दोन्ही लावते, त्यामुळे अक्षर हुकलेलं दिसलं की मला जेवण गोड लागत नाही. भावाला मुलगी झाली. नाव ठेवायचा मान आत्याचा, हे आमच्याही घरात चालतं. घरात दखनी बोलत असलो तरी मानपानाचे नियम सगळे कोल्हापूरचेच. अम्मीनं नाव आधीच ठरवून ठेवलं होतं : आमिना. म्हणजे मान माझा, निवड अम्मीची आणि लॉकेटचा खर्च परत माझा.

त्याआधी भाभीनं हौसेनं एक लॉकेट ऑनलाइन मागवलं होतं. कंपनीचं नाव घेत नाही. फोटोत सुरेख होतं. पाकीट फोडलं आणि मी कपाळावर हात मारला. अरबी-उर्दू लिपी उजवीकडून डावीकडे जाते आणि अक्षरं हातात हात घालून चालतात. त्या लॉकेटवर ती सुटी सुटी उभी होती आणि वर उलट्या क्रमानं, डावीकडून उजवीकडे. हा प्रकार कशामुळे होतो ते मला रोजच्या कामातून माहीत आहे. डिझाइनच्या काही सॉफ्टवेअरना ही लिपी जोडताच येत नाही. नीट लिहिलेला मजकूर त्यात चिकटवला की प्रत्येक अक्षर एकेकटं पडतं आणि रांग उलटी फिरते. ज्याला लिपी येत नाही त्याला त्यात काही चुकलंय हे कळणारही नाही, कारण नक्षी नक्षीसारखीच दिसते. कंपनीला कळवलं तर उत्तर आलं, ग्राहकानं दिलेल्या मजकुराप्रमाणे माल बनवला आहे. पुढं त्यावरचं पाणीही उतरलं आणि आतलं पितळ दिसलं. असो.

म्हणून गुजरी. आता हे दुकान मला का आवडलं ते सांगते. मी “आमिना करून द्या” म्हटल्यावर मालकांनी मापवही उघडली नाही की डिझाइनचा अल्बम पुढं केला नाही. म्हणाले, “तुमच्या हातानं कागदावर लिहून द्या. त्या लिपीत. सावकाश लिहा, खाली सही करा. मी वाचू शकत नाही, कारागीर बंगाली आहे, त्यालाही येत नाही. आम्ही रेघ बघून कापतो. रेघ तुमची, जबाबदारी तुमची.” ऐकायला कोरडं वाटलं, पण त्या क्षणी माझा विश्वास बसला. ज्याला लिपी येत नाही आणि येत नाही असं जो सांगतो, त्याच्याकडून चूक होण्याची शक्यता निम्मी होते.

आणि हा कागद का लागतो, हे ‘आमिना’ या नावाइतकं दुसऱ्या कुठल्या नावानं पटणार नाही.

रोमन लिपीत ए-एम-आय-एन-ए लिहिलं की त्यात दोन वेगळी नावं एकाच खोलीत कोंबली जातात. एक आमिना, दुसरं अमीना. दोन्ही अरबी, दोन्ही एकाच धातूपासून. अरबीत शब्द बहुधा तीन व्यंजनांच्या धातूवर उभा राहतो. इथं ती तीन म्हणजे हमजा, मीम आणि नून. या धातूत सुरक्षितता आणि भरवसा असे दोन्ही अर्थ आहेत. धातूला स्वरांचा एक साचा लावला की एक शब्द, दुसरा साचा लावला की दुसरा. पहिलं अक्षर लांबवलं, म्हणजे ‘आ’ केलं, की ते करणारा किंवा त्या अवस्थेत असणारा : आमिन, स्त्रीलिंगी आमिना. अर्थ, जिला भय नाही ती, सुरक्षित, निर्धास्त. पहिलं आखूड ठेवून मधलं लांबवलं की अंगचा कायमचा गुण : अमीन, स्त्रीलिंगी अमीना. अर्थ, जिच्यावर विसंबावं ती, विश्वासू.

हे व्याकरण परकं वाटत असेल तर आपल्याच दोन शब्दांकडे बघा : हाकीम आणि हकीम. धातू एकच. पण एक हुकूम सोडणारा अंमलदार, दुसरा औषध देणारा वैद्य. मराठी शुद्धलेखनात दोन्हीकडे ‘की’ दीर्घच लिहायचा, फरक सगळा पहिल्या अक्षरात. हाकीम आणि आमिना एका साच्यातले, हकीम आणि अमीना दुसऱ्या. कातिब हाही पहिल्याच साच्यातला, लिहिणारा. आमच्या छापखान्यात इनपेज हे उर्दू टायपिंगचं सॉफ्टवेअर यायच्या आधी उर्दू मजकूर हातानं लिहून देणारे कातिब होते. छापखान्याचे मालक अजून त्यांच्या वळणाची आठवण काढून माझ्या स्क्रीनकडे बघत सुस्कारा सोडतात.

या धातूची निम्मी वंशावळ मराठीत रोज वापरात आहे, फक्त आपण नातं विसरलोय. अमानत, इमान, बेइमान, इमानेइतबारे. मोगलाईत जमिनीचा सारा ठरवणारा अधिकारी अमीन. आपल्या भागात भेटणारं मोमीन हे आडनावही यातलंच. दुआ संपल्यावरचं आमीनसुद्धा.

ज्या बीबी आमिनांवरून अम्मीनं नाव निवडलं त्या प्रेषित मुहंमद पैगंबरांच्या आई, कुरैश टोळीतल्या बनू जुहरा घराण्यातल्या, वहब यांची मुलगी. म्हणजे हे नाव इस्लामच्या आधीपासून अरबस्तानात चालत आलेलं आहे, धर्मानं नवं दिलेलं नाही. त्यांचे पती अब्दुल्ला मुलाचा जन्म बघायला राहिले नाहीत, असं बहुतेक चरित्रं सांगतात. रिवाजाप्रमाणे बाळ वाळवंटात हलीमा या दाईकडे दिलं गेलं, नंतर आईकडे परत आलं. मुलगा सहा वर्षांचा असताना आई त्याला घेऊन यसरिबला, म्हणजे पुढच्या मदिनेला, नातलगांकडे गेल्या आणि परतताना वाटेत अबवा इथं वारल्या. मुलाला मक्केला परत आणलं ते घरातल्या उम्मे ऐमन यांनी. ‘निर्धास्त’ नावाच्या बाईचं आयुष्य असं. अम्मीला मी हे बोलले तर ती म्हणाली, “नाव काय हालहवाल सांगायला ठेवतात काय? दुआ म्हणून ठेवतात.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता दुकानाकडे परत. कागदावर लिहिताना एक पेच आला. उर्दू पद्धतीनं लिहिलं तर शेवटी साधा ‘हे’ येतो, टिंबाविना. अरबी पद्धतीनं लिहिलं तर तोच आकार, पण डोक्यावर दोन टिंबं, त्याला ता मरबूता म्हणतात. बायकांच्या असंख्य अरबी नावांच्या शेवटी हीच असते, फातिमा, खदीजा, आयेशा सगळ्यांच्या. मालकांनी दोन्ही बघितले आणि लगेच म्हणाले, “हे कमी टिंबांचं घ्या.” त्यांना अरबीचं काही पडलेलं नव्हतं, त्यांना टिंबं जोडायची झाळ दिसत होती.

कारण असं. देवनागरी नाव कापणं सोपं, शिरोरेघ सगळ्यांना धरून ठेवते. अरबी लिपीत टिंबं हवेत असतात. कापल्यावर प्रत्येक टिंब सुटा मण्यासारखा हातात येतो, त्याला मागून बारीक तारेचा पाय देऊन झाळायला लागतं. शिवाय अलिफ हे अक्षर पुढच्याला हात देत नाही. त्यामुळे ‘आमिना’चे मुळातच दोन तुकडे होतात : एकटा उभा अलिफ, त्याच्या डोक्यावर ‘आ’ लांबवणारी मद्द ही नागमोडी रेघ, आणि मग मीम-नून-ता एकत्र. आणि टिंब ही शोभा नव्हे. मीमनंतरच्या त्या छोट्या दाताला वर एक टिंब दिलं तर नून, खाली एक दिलं तर बे, वर दोन दिली तर ते, खाली दोन दिली तर ये. टिंब पडलं तर नाव मोडलं.

अम्मीला टिंबं हवी होती. तिचं म्हणणं, कुराणात ‘आमिना’ हा शब्द जसा आहे तसाच लॉकेटवर यावा. शब्द खरंच आहे, सोळाव्या सूरेत, म्हणजे अध्यायात, अन-नहलमध्ये. पण तिथं तो बाईचं नाव नाही, एका नगरीचं विशेषण आहे : सुरक्षित आणि निवांत असलेली नगरी. पैगंबरांच्या आईचं नाव कुराणात कुठंच येत नाही. बायकांपैकी नावानिशी उल्लेख आहे तो एकट्या मरियमचा. हे मी अम्मीला सांगितलं, टिंबं तरीही राहिली.

मालकांनी घडणावळ दीडशेनं वाढवली आणि काम घेतलं. इथं त्यांच्या कारागिराला सलाम. केसासारख्या पात्याच्या करवतीनं त्यानं मीमचं गोल पोट इतकं स्वच्छ कापलंय की माझ्या लेझर प्रिंटात तसं येत नाही. अलिफ आणि मीममधला सांधा मागच्या बाजूनं दिलाय, समोरून फट दिसते, म्हणजे लिपीचा नियमही मोडला नाही. टिंबं मी नखानं ओढून बघितली, हलली नाहीत. कडा घासून गोल केल्यात. तरी लॉकेट तान्ह्या बाळाच्या गळ्यात घालायचं नाही हे मालकांनी स्वतःहून सांगितलं, साखळीचा फास बसू शकतो. सध्या ते भाभीच्या कपाटात आहे.

वजन सहा ग्रॅमच्या आसपास. चांदी ९२.५ टक्के. शुद्ध चांदी मऊ पडते, असल्या बारीक कामाला तिच्यात तांबं मिसळावंच लागतं. घडणावळ टिंबांसकट १०५० रुपये, आणि वर तीन टक्के जीएसटी. कुणाला महाग वाटेल. मला नाही वाटलं, मी कारागिराच्या माळ्यावर जाऊन काम बघून आले. सोन्यासारखी चांदीला हॉलमार्कची सक्ती नाही, म्हणून पावतीवर शुद्धता लिहून मागा. इथं न मागता लिहून मिळाली.

अजून एक काम त्यांनी फुकट केलं. जन्मानंतर सातव्या दिवशी अकीका या विधीला बाळाचं जावळ काढतात आणि त्या केसांच्या वजनाएवढी चांदी दान देतात. पैगंबरांची मुलगी बीबी फातिमा यांनी मुलगा हसनच्या जन्मानंतर असं केलं, अशी हदीस, म्हणजे परंपरेनं आलेली नोंद, आहे. मी केसांची पुडी घेऊन गेले. मालकांनी काट्यावरची फुंकर अडवणारी काच लावली, आधी रिकामा कागद तोलला, मग पुडी, आणि वजाबाकी करून त्या दिवसाच्या भावानं रक्कम लिहून दिली. रक्कम इतकी छोटी होती की अम्मीनं त्यावर शून्य चढवून दान केलं. मालकांना मात्र हे नवं नव्हतं. अकीका असला की आसपासच्या पेठांतून पुड्या येतात म्हणाले.

आता तक्रारी. साखळी वाईट आहे. यंत्रावरची, पोकळ कड्यांची, केसांत अडकते. जवळच हातकणंगले तालुक्यात हुपरी आहे, घराघरांत चांदीचं काम चालणारं गाव, आणि त्यांनी ही असली साखळी द्यावी? लॉकेट यांच्याकडून घ्या, साखळी दुसरीकडून. वायद्याच्या दिवशी लॉकेट तयार नव्हतं हेही लिहून ठेवते, पण फोन त्यांनीच आधी केला होता.

मोठी तक्रार कार्डाची. प्रत्येक लॉकेटबरोबर हे लोक मखमली डबीत एक छापील कार्ड देतात, ‘तुमच्या नावाचा अर्थ’. माझ्या कार्डावर होतं, ‘आमिना : विश्वासू, प्रामाणिक’. हा अमीनाचा अर्थ. आत अक्षरं एकीची, डबीत अर्थ दुसरीचा. मालकांनी सांगितलं, अर्थ नेटवरच्या याद्यांतून उतरवलेत. ती फाइल मागून घेतली आणि दुपारच्या सुट्टीत वाचली. हसावं की रडावं. शबनम, परवीन, नसरीन, शिरीन ‘अरबी नावं’ म्हणून, ही चारही फारसी. मरियम ‘अरबी’, जी अरबीत आली हिब्रू-अरामीकडून. सबीहा म्हणजे सकाळसारखी उजळ, सुंदर. याद्यांत तिची साबिहा झाली, आणि ‘साबिहा’ हा सीन, म्हणजे अरबीतला एक ‘स’, लावून लिहिला तर अरबीत पोहणारी. हलीमा म्हणजे सोशिक, शांत स्वभावाची. ‘ह’ लांबवून हालिमा केलं की स्वप्न बघणारी. आणि ज्या नावांचं काहीच सापडलं नाही तिथं सरसकट ‘राजकुमारी’. एवढ्या राजकन्या राहणार कुठं, न्यू पॅलेसमध्ये?

दोष एकट्या दुकानाचा नाही. आपण नाव ऐकतो, रोमनमध्ये शोधतो, तिथला अर्थ देवनागरीत आणतो. या तीन उड्यांत आ-अ, सीन-साद हे वेगवेगळे स, दोन प्रकारचे ह, सगळं गळतं. देवनागरीत निदान स्वरांची लांबी टिकते, पण तिथं आमचे लोक रोमन बघून पुन्हा ‘अमिना’ लिहितात, जे धड इकडचं नाही की तिकडचं नाही. म्हणून भावाला बजावलं, जन्मदाखल्यावर मराठीत आमिना आणि इंग्रजीत सुरुवातीला दोन ए. घाई नसते. नाव न घालताही जन्माची नोंद होते, पहिल्या बारा महिन्यांत नाव विनाशुल्क भरता येतं, पुढं पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क देऊन. तेवढ्या वेळात कागदावर चार वेळा लिहून बघा.

आणि ज्यांना अमीना हवी आहे त्यांनी अमीनाच ठेवावी, कमी काही नाही. पैगंबरांना प्रेषितपदाच्या आधी मक्केतले लोक अल-अमीन म्हणत, विश्वासू. हीच नावं पुढं देशोदेशी फिरली. तुर्कस्तानात एमिने, सेनेगल-मालीकडे आमिनाता. आजच्या उत्तर नायजेरियात झझ्झाऊ नावाचं हौसा राज्य होतं, तिथली सोळाव्या शतकातली आमिना ही लढवय्यी राणी आजही तिथल्या जुन्या तटबंद्यांना नाव देऊन आहे. कोल्हापूरकरांना ताराराणी आठवेल. मलाही आठवली, आणि अम्मीला ही राणी बीबींच्या गोष्टीपेक्षा जास्त आवडली.

मालकांना मी नव्यानं तीसेक नावांची यादी लावून दिली. प्रत्येक नावापुढं उर्दूत नाव, देवनागरीत उच्चार, मग अर्थ, आणि ज्यांची खात्री नव्हती ती नावं यादीतून सरळ काढली. दसरा चौकातल्या मुस्लिम बोर्डिंगशी, शाहू महाराजांनी १९०६ साली उभ्या करून दिलेल्या त्या वसतिगृहाशी, जुना संबंध असलेल्या एका वयस्कर सरांकडून ती तपासून घेतली. त्यांनी दोन ठिकाणी लाल रेघ मारली आणि माझ्या नस्तालीक, म्हणजे उर्दू वळणाच्या, फाँटला नावं ठेवली. नवी कार्डं छापून झाली की हा तारा मी परत देईन. सध्या तरी डबीतलं कार्ड वाचू नका.

जायचं असेल तर : रमजान ईद आणि दिवाळीच्या आधी नावाची कामं घेत नाहीत. मंगळवार-शुक्रवारी अंबाबाईच्या गर्दीमुळं महाद्वार रोडवरून गाडी नेणं म्हणजे शिक्षा. गाडी बिंदू चौकात लावा आणि चालत या. कागद घरूनच लिहून आणा, स्टूल एकच आहे.